नाताळची रोषणाई आणि घरातली लहान मुले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या सुट्या जवळ आल्या की इंदुरात राजवाड्याच्या आसपास आणि राणीपुऱ्यात चमकत्या टोप्या, लुकलुकणारे तारे, गाणारा सांता यांची रेलचेल होते. दीड ते तीन वर्षांचे मूल घरात असेल, तर यातली वस्तू घेताना आधी ती उलटी करून पाहावी. सेलच्या कप्प्याचे झाकण स्क्रूने बंद असेल तरच घ्यावी. नुसत्या खाचेत बसणारे झाकण एकदा पडले की उघडते आणि आतला चपटा बटन सेल जमिनीवर येतो.

२० मिमी व्यासाचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल सर्वांत घातक. तो लहानग्याच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. ओलसर आवरणाला टेकताच त्यातून वीज वाहू लागते, ऋण बाजूला तीव्र अल्कली (जाळणारा क्षार) तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. वस्तू चालवायला निकामी झालेल्या सेलमध्येही एवढी वीज उरलेली असते. मूल नेहमी रडतेच असे नाही. कधी नुसती लाळ गळते, कधी ते जेवायला नको म्हणते, तर कधी काहीच दिसत नाही. म्हणून खेळण्यातला सेल सापडत नसेल, तर तो पोटात गेला असेच धरून चालावे.

अशा वेळी १०८ला फोन करावा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जावे, जिथे रात्रीही एक्स-रे आणि एंडोस्कोपी (घशातून दुर्बीण घालून तपासणी) होते. गल्लीतल्या दवाखान्यात वेळ दवडू नये. उलटी काढू नये, केळे किंवा भात भरवू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे (१० मिली) मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने जळणे मंदावते, सेल निघत नाही. तेव्हा मधासाठी थांबू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नको, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. खेळण्यातून काढलेल्या जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो कचरागाडीतल्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात टाकावा.

नाताळचे झाड हवेच असेल तर कापडाचे करावे. हिरव्या फेल्टचा ७५ सेंमी उंच त्रिकोण कापून, वरच्या दुमडीत काठी घालून भिंतीवरच्या खुंटीला टांगावा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चुन्याच्या भिंतीवर टिकत नाही, भुकटीसकट सुटून येते. तारे, घंटा ८-१० सेंमीच्या कापाव्यात. ३.२ सेंमी रुंद नळीतून आत जाणारी कोणतीही वस्तू या वयाला धोक्याचीच. मागे वेल्क्रोची फक्त खरखरीत पट्टी लावावी, ती फेल्टला आपोआप धरते. पण पट्टी शिवावी; डिंकाने लावलेली पट्टी मुले ओढून तोंडात घालतात. लावणे-काढणे हाच मुलांचा खेळ, त्यात ती कितीतरी वेळ रमतात.

केकमध्ये अख्खे काजू-बदाम नकोत, पूड चालेल. रममध्ये मुरवलेल्या सुक्या मेव्याचा केक लहानांना देऊ नये. भाजल्यावरही सगळा मद्यार्क उडत नाही.

सांताला पाहून या वयाची मुले घाबरतात, कारण ओळखीचा चेहरा दाढीआड जातो. ओळखीच्या माणसाने मुलांसमोरच दाढी लावावी. बळेच मांडीवर बसवून फोटो काढण्याचा हट्ट तर कृपा करून सोडावा. २५च्या संध्याकाळी लाल चर्च, व्हाइट चर्चपाशी होणाऱ्या गर्दीत लहानग्यांना नेण्यापेक्षा एक-दोन दिवसांनी सकाळी न्यावे; बहुतेक चर्चमध्ये येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा तेव्हाही मांडलेला असतो.

शाळा आणि रहिवासी समित्यांना विनंती, सांताच्या पिशवीसाठी घाऊक खरेदी करताना तीन वर्षांखालच्या मुलांचे सामान वेगळे काढावे. त्यात फुगे, मणी आणि सेलवर चालणारे काहीही नको. जाड पुठ्ठ्याचे चित्रपुस्तक किंवा मोठा कापडी चेंडू पुरेसा आहे.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका, इंदूर