आकडा माळ्यावरच आहे

ता. सेलू, जि. वर्धा

प्रिय छकुली,
जय भीम.

फोनवर मी गप्प झालो, तो रागाने नव्हे. तू म्हणालीस, "बाबा, ऑर्डर आली. बंदरात. पण वर केबिनमध्ये चढायचं नाही, ऑफिसात पडद्यासमोर बसून क्रेन चालवायची. एकटीकडे तीन-चार क्रेन." आणि मग आवाज खाली करून विचारलंस, "तुमच्याच लोकांचं काम खाते आहे का मी?" मागून तुझी आई ओरडत होती, "काऊन बोलत नाही तुम्ही? पोरीले नोकरी लागली ना!" मला काही सुचलं नाही. आता आई शेतात गेली आहे, बाया कापूस वेचायला आल्यात, घरात मी आणि मांजर. निवांत लिहितो.

माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला लाकडी मुठीचा आकडा आहे बघ. आई त्याने चिंचेच्या फांद्या ओढते, आणि शाळेच्या नाटकात तू तो समुद्री चाच्याचा हात म्हणून नेला होतास. ते माझं हत्यार. 1979 च्या पावसाळ्यात मामाच्या ओळखीने मुंबईच्या गोदीत लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी तांडेलाने, म्हणजे गँगच्या मुकादमाने, तो हातात ठेवला. रुईची दाबलेली गाठ 170 किलोची. पट्ट्यांनी अशी आवळलेली की बोट शिरत नाही. दोघांनी दोन बाजूंनी आकडे रोवायचे, एका दमात गाठ आडवी करायची, दोरांच्या स्लिंगमध्ये सरकवायची आणि ती वर ओढणाऱ्या विंचमनला हात दाखवायचा. कधी गाठीवर आपल्याकडच्या जिनिंगचा शिक्का दिसायचा. हिंगणघाट, पुलगाव, वणी. मी गाठीला थाप मारायचो आणि गँग हसायची, "आली याच्या माहेरची माणसं."

खरं तर ती गोदी आपल्याच कापसावर मोठी झाली. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा इंग्रजाला वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोड लागला. 1867 ला रेल्वे नागपूरला टेकली. मग मुंबईत एकामागून एक गोद्या झाल्या. 1875 ला ससून, 1880 ला प्रिन्सेस, 1888 ला व्हिक्टोरिया, 1914 ला अलेक्झांड्रा. अलेक्झांड्राची पुढे इंदिरा डॉक झाली, मी बहुतेक तिथेच राबलो. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया नंतर बुजवल्या, कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून. ज्या पाण्यात जहाज उभं राहायचं तिथे भराव पडताना मी पाहिला नाही, बरं झालं.

व्हिक्टोरियाचं नाव निघालं की मला 14 एप्रिल आठवतो. आपल्याकडे त्या दिवशी निळे झेंडे, डीजे, बुंदीचे लाडू. गोदीत मात्र त्या सकाळी पहिलं नाव निघायचं ते 1944 च्या स्फोटाचं. व्हिक्टोरियात लागलेलं फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज, पोटात दारूगोळा आणि त्याच्याच सोबतीला रुईच्या गाठी. गाठींनी पेट घेतला आणि दुपारी चारच्या सुमाराला सगळं उडालं. विझवायला गेलेले 66 अग्निशामक गेले, त्यांची नावं कोरलेली आहेत, देशभर तो दिवस पाळतात. एकूण किती मेले? सातशे, आठशे, काही जण त्याहून जास्त सांगतात. आमचा म्हातारा तांडेल म्हणायचा, "ज्याचं नाव सकाळी कुठे लिहिलंच नाही, त्याला संध्याकाळी मोजणार कसं?"

रजिस्टरात नाव असणं म्हणजे काय, हे मला त्या वाक्याने कळलं. आधी टोळीवाला असायचा. तो सकाळी गेटवर माणसं उभी करायचा आणि बाजारात बैलाचे दात बघून घेतात तसा निवडायचा. ओळख असेल, हातावर काही ठेवलं असेल तर काम, नाहीतर परत. युनियनवाले यावर वर्षानुवर्षं भांडले. पी. डिमेलोंनी त्यात आयुष्य घातलं, 1958 मध्ये गेले. गोदीला समांतर जातो त्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. 1948 ला गोदी कामगारांचा कायदा झाला, 1951 ला मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. त्यानंतर नाव रजिस्टरात, काम पाळीपाळीने, आणि जहाज नसलं तरी हजेरी लागली की हजेरीचे पैसे. तुझे मोठे काका मार्केट यार्डात पोती वाहायचे, त्यांना जे माथाडी बोर्ड होतं ना, 1969 च्या कायद्याचं, ज्यासाठी अण्णासाहेब पाटील लढले, ते याच बोर्डाच्या धर्तीवर बेतलेलं. काकांना हे कधी पटलं नाही. ते म्हणायचे, तुमचं समुद्राचं, आमचं तुरीचं.

गँगचंही सांगतो. कोकणातले, साताऱ्याकडचे, युपीचे, एक मद्रासी आणि मी. सुरुवातीला पाणी प्यायचा माझा पेला एकाने वेगळा ठेवला होता. तांडेल काही बोलला नाही. तो माझाच पेला उचलून पाणी प्यायचा, रोज, सगळ्यांसमोर. महिन्याभरात पेल्यांची सरमिसळ झाली. कमाई टनावर होती, एकाचा हात ढिला पडला तर सगळ्यांचा पैसा जायचा. त्यामुळे गोडीत नाही तर गरजेत का होईना, माणसं एकमेकांना धरून राहायची. मी त्याला फार मोठं करून सांगत नाही. गावच्या पंगतीत जे झालं नाही ते जहाजाच्या पोटात, हॅचमध्ये झालं, एवढंच.

आता यंत्राचं. मी यंत्राचा वैरी आहे असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. साखरेचं पोतं तेव्हा 100 किलोचं असायचं. माझ्या मानेचा एक्स-रे तूच नागपूरला काढून आणलास. स्लिंग तुटून माणूस गेलेला मी दोनदा पाहिला. क्रेन आली आणि पाठी वाचल्या, हे आम्ही गेट मीटिंगमध्येही बोलायचो. भांडण दुसरं होतं. 26 एप्रिल 1956 ला अमेरिकेतून पहिलं कंटेनर जहाज सुटलं, 58 डबे घेऊन. ज्या कामाला गँगच्या गँग दिवसचे दिवस लागायचे, ते थोड्या माणसांत तासांवर आलं. वाचलेला पैसा कुणाच्या खिशात जाणार, हा प्रश्न. तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेसच्या युनियनने 1960 ला करार केला: यंत्रं आणा, पण नोंदणीतल्या माणसाला काढायचं नाही, आणि मालकांनी वर्षाला 50 लाख डॉलर कामगारांच्या फंडात टाकायचे. काहींनी ब्रिजेसला शिव्या घातल्या, विकला गेला म्हणाले. मला आजही ठरवता येत नाही.

तू मला मागे जो व्हिडिओ पाठवला होतास, त्याचं उत्तर मी दिलंच नव्हतं. 1 ऑक्टोबर 2024 ला अमेरिकेत मेनपासून टेक्सासपर्यंत गोदीतली सुमारे 45 हजार माणसं संपावर बाहेर पडली. त्या किनाऱ्यावर 1977 नंतरचा पहिला असा संप. तीन दिवसांत पगाराचं ठरलं, सहा वर्षांत 62 टक्के वाढ, आणि यंत्रांचं भांडण जानेवारीपर्यंत ओढून त्यांनी ते करारात बांधून घेतलं. तू खाली लिहिलं होतंस, "बाबा, हे वेडे की शहाणे?" तेव्हा हसण्याचं चित्र टाकून मी सुटलो होतो.

आता मी का गप्प झालो ते लिहितो. हे तुझ्या आईलाही पूर्ण माहीत नाही.

26 मे 1989 ला न्हावा शेवाचं नवं बंदर सुरू झालं. रात्रपाळीला आमच्या धक्क्यावरून खाडीपलीकडचे दिवे दिसायचे. हळूहळू जहाजं तिकडे वळली. आमची पाळी आठवड्यातून दोनदा यायला लागली, बाकी दिवस हजेरी लावून पत्ते. 1999 ला तिकडे पहिलं खासगी टर्मिनल आलं. मग आमच्याकडे स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म फिरले. युनियनने गेटवर सांगितलं, सध्या कुणी सही करू नका, सगळ्यांचं एकदम बोलू, आकडा वाढवून घेऊ. त्याच गेटवर काही वर्षांपूर्वी आम्ही लिव्हरपूलच्या गोदी कामगारांची गोष्ट ऐकली होती. 1995 साली तिथल्या सुमारे पाचशे जणांनी दुसऱ्या पोरांची पिकेट लाइन, म्हणजे गेटवरची संपकऱ्यांची रांग, ओलांडायला नकार दिला आणि सगळ्यांची नोकरी गेली. अठ्ठावीस महिने ते बाहेर उभे राहिले आणि शेवटी हरले. आम्ही त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही.

आणि मी सही केली. तू बालवाडीत होतीस, आजोबांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, सोयाबीन बुडालं होतं. कारणं खरी होती. पण मी संध्याकाळी साडेपाचला, सगळे गेल्यावर, मागच्या दाराने जाऊन फॉर्म दिला. दुसऱ्या दिवशी कळलं की त्याच दाराने बरेच जण येऊन गेले होते. आम्ही एकमेकांना जिन्यात भेटू नये म्हणून वेळा चुकवत होतो. गँगमधल्या माणसाच्या पावलाचा आवाज ओळखता येतो, माहीत आहे? मी वरच्या मजल्यावर थांबलो, तो खाली उतरून जाईपर्यंत. यंत्राचं दुःख मला फारसं झालं नाही. त्या जिन्याचं होतं, आणि परवा तुझा प्रश्न आला तेव्हा मी त्या जिन्यातच उभा होतो.

पुढचा महिना लागल्यावर सवयीने युनियनची वर्गणी भरायला गेलो. तिथल्या माणसाने पुस्तक चाळलं आणि म्हणाला, "काका, तुमचं नाव आता यात नाही."

इकडेही काही वेगळं नाही. यंदा सोयाबीन सोंगायला मी हार्वेस्टर लावला. पाऊस डोक्यावर होता, पाच-सहा दिवसांचं काम दोन तासांत झालं. संध्याकाळी पलीकडच्या मावशी दारात आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यापाशीच उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त मुंबईले संप करत होते म्हणे. अन् आमच्या पोटावर मशीन आणली?" तुझ्या आईने चहा टाकला, तो त्यांनी घेतला नाही. मी पावसाचं सांगितलं. पाऊस खरा होता, तरी मला माझा आवाज ओळखीचा वाटला नाही.

पण त्या बाया आमच्यापेक्षा हुशार निघाल्या. कापूस अजून हातानेच वेचावा लागतो, हे त्यांना पक्कं माहीत. वेचणीच्या आधी सगळ्या समाजमंदिरात बसल्या, किलोचा भाव ठरवला, शेजारच्या दोन गावांत निरोप धाडला की याखाली कुणी जायचं नाही. ना रजिस्टर, ना पावती. कास्तकार चिडले, मीही मनातून थोडा चिडलो, मग मुकाट्याने तोच भाव कबूल केला. आज वावरात त्याच आहेत.

तर तुझा प्रश्न. तू कुणाचं काम खात नाहीस. तू नाही म्हणालीस तर दुसरी कुणी त्या खुर्चीत बसेल. केरळात विझिंजमला मच्छीमारांच्या वस्तीतल्या पोरी अशाच दुरून क्रेन चालवतात, हे तूच मला सांगितलंस, आणि मला ते ऐकून छान वाटलं होतं. जा. पण काही गोष्टी बघून घे. तुझ्या त्या थंड खोलीत माल दिसेल, माणूस दिसणार नाही. डब्यांवर नंबर वाचायला आमच्याकडे टॅली क्लार्क असायचा, आता कॅमेरा वाचतो. पण जहाजावर डबे बांधायचे, सळया आवळायच्या-सोडायच्या, हे लॅशिंगचं काम अजून माणूसच करतो. आणि तो बहुतेक कंत्राटी असतो. तुझ्या पडद्यावर तो हेल्मेटचा एक ठिपका असेल. त्याच्या सुट्टीची आणि जेवणाची खोली कुठे आहे ते पहिल्या आठवड्यात शोधून काढ. एकदा तिथे बसून डबा खा. तुला ऑफिसर म्हणतील, तुझं पद वेगळं, तुमचं त्यांच्याशी काय, असंही कुणीतरी समजावेल. आम्हाला किनाऱ्यावरचे आणि जहाजावरचे असे वेगळे ठेवले होते, मग कायम आणि कंत्राटी असे. दर वेळी आम्हाला वाटलं, आपण वरच्या पायरीवर आहोत.

आणि एकटीकडे तीन-चार क्रेन म्हणालीस, ते चारच्या सहा केव्हा होतील ते कागदावर विचार. रात्रपाळीत डोळ्यांना किती वेळ विश्रांती, तेही. एकटीने विचारू नकोस. बरोबर बसणाऱ्या पोरापोरींना आधी चहाला ने. तिथे युनियन असेल तर वर्गणी भर, नसेल तर चहा चालू ठेव.

सिंदी रेल्वेकडे ड्राय पोर्टचं ठरलं आहे, तुला माहीतच असेल. म्हणजे आपल्या गाठी इथूनच डब्यात बंद होऊन न्हावा शेव्याला जातील, मध्ये कुणाचा हात लागायचा नाही. कदाचित तूच तो डबा उचलशील. आत हिंगणघाटची रुई आहे की पुलगावची, हे तुला कळणार नाही.

दिवाळीला ये. गाडीचं तिकीट आत्ताच काढ, सेवाग्रामला उतर, मी मोटरसायकल घेऊन येतो. आकडा तुझ्याबरोबर द्यावा असं माझ्या मनात होतं, पण आई म्हणते, "तिले तिथं चिंचा आहेत काय? माह्याकडं राहू द्या."

तुझा,
बाबा