पाकिटातल्या खोडरबराबद्दल

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय. तुम्हाला एकट्याला लिहिलं असतं, तर तुम्ही त्याच्यावरही पेन्सिल फिरवून ते मला परत पाठवलं असतं. सगळ्यांसमोर आभार मानले की निदान मध्येच "पुरे" म्हणून थांबवता येत नाही. तुम्हाला हे रुचणार नाही, माहीत आहे. तरी लिहितोच.

वाचणाऱ्यांसाठी आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीचा गटसचिव. दिवसभर पीककर्ज, सात-बारा, वसुली आणि जिल्हा बँकेचे फोन. कविता रात्री, जेवणं झाल्यावर, सोसायटीच्याच जुन्या रजिस्टरांच्या पाठकोऱ्या पानांवर. घरात कोणी विचारलं तर "हिशेब चाललाय" सांगतो, आणि ते अगदीच खोटं नसतं.

नाना, तुमच्याआधी माझ्या कवितांना वाचक मिळाले नाहीत असं नाही. वाचल्या म्हणणारे तर ढिगाने भेटले. मोबाईलवर कविता टाकायचा अवकाश, वाचायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात उत्तरं हजर: अप्रतिम, निःशब्द, व्वा सर, काळजाला हात घातलात. त्यामागे जोडलेले हात आणि फुलांचे गुच्छ. आमच्या गावातला एक कर्जदार गेला तेव्हा त्याच्यावर लिहिलेल्या कवितेखाली एका गृहस्थांनी लिहिलं, "खूप छान! पुढील वाटचालीस शुभेच्छा!" कोणाच्या वाटचालीस, ते त्यांनाच ठाऊक.

मग जिल्ह्याच्या गावी एक नामवंत कवी आहेत, त्यांच्याकडे वही नेऊन दिली. "सवडीने बघतो," म्हणाले. सवड काही झाली नाही. परत आणायला गेलो तर मी ठेवली त्याच कोपऱ्यात वही होती आणि तिच्यावर पाणीपट्टीची पावती. वही हातात देताना मात्र सल्ला मिळाला: "वाचन वाढवा." मी मान डोलावली. एसटीत बसल्यावर सुचलं की हेच वाक्य उलट त्यांना ऐकवायला हवं होतं.

आणि ते प्रातिनिधिक काव्यसंग्रहवाले! एका कवीला दोन पानं, त्याचं शुल्क, वर ठरलेल्या प्रती विकत घ्यायच्या. बदल्यात शाल, सन्मानचिन्ह आणि 'राज्यस्तरीय' हा शब्द. माझी कविता छापून आली तेव्हा तिचं शेवटचं कडवंच गळालं होतं. प्रकाशन समारंभात अध्यक्षांनी त्या बिनशेपटीच्या कवितेचा खास उल्लेख केला. शेवट फार परिणामकारक झालाय म्हणाले.

यातलं कोणी वाईट माणूस होतं असं मी म्हणणार नाही. म्हणजे संग्रहवाल्यांबद्दल म्हणेन, बाकीच्यांबद्दल नाही.

तुमची-माझी गाठ पडली ती सोसायटीच्या वार्षिक अहवालामुळे. ताळेबंदाच्या कागदांत माझ्या कवितेचं एक पान गेलं आणि तुमच्या पुतण्याच्या छपाईच्या दुकानातून ते तुमच्यापर्यंत पोचलं. ते सगळं सांगत बसत नाही. अहवाल वेळेवर आला, पान काही आलं नाही, आणि मला वाटलं रद्दीत गेलं असेल. मग एके दिवशी टपालाने पाकीट आलं. दुकान आमच्या सोसायटीपासून हाकेच्या अंतरावर असताना तुम्ही टपाल का केलंत हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पाकिटात माझं पान होतं, त्याच्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि तळाशी काहीतरी टणक लागलं. बाहेर काढलं तर खोडरबर. कोरा नव्हता. एका कोपऱ्याने झिजलेला, काळपट पडलेला, रोजच्या वापरातला. पानाच्या खाली बारीक अक्षरात एकच ओळ होती: "पेन्सिल हलकी ठेवली आहे. पटणार नाही ते पुसावे."

नाना, त्या खोडरबराबद्दल मला तुमचे आभार मानायचे आहेत. खुणांबद्दलही मानतो, पण आधी त्याच्याबद्दल.

आतापर्यंत ज्यांनी मला काही सांगितलं त्यांनी ते लाल शाईत तरी सांगितलं, नाहीतर स्टेजवरून. तुम्ही सांगितलंत आणि सांगितलेलं पुसायचं साधनही सोबत दिलंत. तेही स्वतःच्या टेबलावरचं. म्हणजे त्या दिवशी तुम्हाला दुसरा आणायला लागला असणार. एवढा विचार माझ्या चार कडव्यांसाठी कोणी केला नव्हता, आणि खरं सांगायचं तर कडव्यांचं सोडा, माझ्यासाठीही फारसा कोणी करत नाही. मी वसुलीवाला माणूस. मला बघून लोक रस्ता बदलतात.

आता कविता. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून पहिलं कडवं देतो:

खतावणी माझी
नावांनी भरली
बाकी ती उरली
पानोपानी

(खतावणी म्हणजे कर्जदारांच्या खात्यांची वही, आणि बाकी म्हणजे न फिटलेलं कर्ज.) सहा, सहा, सहा, चार अक्षरं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. तुकोबांचे बरेचसे अभंग याच मापाचे. (तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. मी तसं केलं तर लेखापरीक्षक मला खतांच्या मागोमाग पाण्यात पाठवतील. पण माप तरी त्यांचं घ्यावं म्हटलं.)

तुम्ही तिसऱ्या चरणातल्या 'ती'खाली एक टिंब दिलंत आणि समासात प्रश्नचिन्ह काढलंत. 'हे काढा' नाही, 'त्याऐवजी हे घाला' नाही. नुसतं प्रश्नचिन्ह. मी त्या टिंबाकडे बराच वेळ बघत बसलो. ती 'ती' तिथे सहाची भरती करायला येऊन बसली होती, दुसरं काही काम तिला नव्हतं. मग रात्री जेवताना एकदम ओळ आली: 'बाकीच उरली'. अक्षरं सहाच, पण आता माणसं गेली, पिकं गेली आणि मागे काय राहिलं, तर बाकीच. हातातला घास खाली ठेवून मी पान शोधायला उठलो तेव्हा बायकोला वाटलं बँकेतून फोन आला.

ही ओळ तुम्हाला आधीच दिसली असणार, नाना. विचारलं तर तुम्ही कबूल करणार नाही, पण मला खात्री आहे. आयुष्यभर छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवलेला माणूस तुम्ही. डाव्या हातात ओळ लावायची स्टिक, समोर खिळ्यांच्या खणांची केस, आणि अक्षरं सगळी उलटी. देवनागरीचा जुळारी म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. इंग्रजीच्या मानाने कितीतरी जास्त खिळे, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, आणि ते सगळं हाताच्या सवयीने शोधायचं. नंतर मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासायला बसलात. अक्षरागणिक थांबून वाचायची तुमची सवय तिथली. बाकीच्यांनी माझी कविता वरच्या वर पाहिली. तुम्ही ती परत एकदा जुळवलीत.

दुसऱ्या खुणेवर मात्र मी तुमचं ऐकलं नाही. कडवं असं होतं:

गेलेला माणूस
राहतो शाईत
अंगठा वहीत
ओला आहे

'ओला'पाशी तुमचं प्रश्नचिन्ह, आणि शेजारी चक्क तांत्रिक टीप. छपाईची शाई तेलकट, तिला वाळायला वेळ लागतो. शिक्क्याच्या पॅडची शाई कागदात लगेच मुरते, मग अंगठा ओला कसा राहील? शाईतलं तुमच्याहून जास्त मला कळत नाही. तरी मी तुमचाच खोडरबर घेतला आणि तुमचं प्रश्नचिन्ह पुसलं. पेन्सिल खरंच हलकी होती, डागही राहिला नाही. मग मनाला चैन पडेना म्हणून दुकानात येऊन तुम्हाला सांगितलं. त्या माणसाचा हात थरथरत होता, अंगठा मीच धरून टेकवला होता आणि शाई माझ्याही बोटाला लागली होती. तो अंगठा वाळलेला मला आठवत नाही.

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात. "मग ओलाच," म्हणालात आणि पुतण्याला चहा सांगितलात.

इतकं सोपं असतं हे? मला तर वाटलं होतं आता तुम्ही रागावणार, निदान "तुमची मर्जी" असं तुटक तरी म्हणणार. ज्याचं मत डावललं त्यानेच सांगितलेला चहा मी त्यादिवशी पहिल्यांदा प्यायलो.

आपल्याकडे कवीच्या नावाने संमेलनं भरतात, पुतळे उभे राहतात. वाचकाचा कोणी सत्कार केल्याचं मी ऐकलं नाही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर नि शेतात म्हणायच्या आणि घरची मुलं ते टिपून ठेवायची. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. पुढे ती वही त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आचार्य अत्र्यांसमोर ठेवली, अत्र्यांनी ती वाचली आणि १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने आली. अत्र्यांनी त्यादिवशी "सवडीने बघतो" म्हटलं असतं तर? सुरेश भट तर नवशिक्या गझलकारांच्या पत्रांना उत्तरं लिहीत, गझला तपासून देत. 'गझलेची बाराखडी' त्यांनी नव्यांसाठीच लिहिली. एवढा मोठा कवी कुठल्या कोण पोराच्या मात्रा मोजत बसायचा! माझी तुलना त्या पोरांशीही नको आणि तुम्हाला मी अत्रे म्हटलं तर तुम्ही दुकानात पाऊल ठेवू देणार नाही. पण जात तीच. समोरच्याने मन लावून केलं असेल तर आपणही मन लावून बघावं, एवढंच ज्यांना येतं त्यांची जात.

आणि अशी माणसं फक्त कवितेच्याच कामाला येतात असं नाही. अर्ज भरताना "इथे नाही काका, खालच्या रकान्यात" म्हणून बोट ठेवणारा बँकेतला पोरगा, सुट्टे नाहीत तर "उद्या द्या" म्हणणारा कंडक्टर. यांना शाल मिळत नाही आणि यांच्यावाचून तालुक्याचं एक काम पुढे सरकत नाही. आमच्या खात्यात अशी माणसं थोडी आहेत. मी त्यांच्यात बसतो की नाही हे कर्जदारांना विचारा, मला नको.

जाता जाता धंद्याचं. चौथं कडवं अजून अडलंय:

मार्चअखेरीला
जुळती रकाने
कुणाच्या नावाने
रडे वही

शेवटच्या चरणाशी तुम्ही लिहिलंय, "वही रडते? की दुसरं कोणी?" दुसरं कोण ते तुम्हालाही कळलंय, म्हणूनच विचारलंत. त्याला कवितेत आणायची माझी तयारी नाही. मार्चअखेरीला रजिस्टरासमोर गटसचिव रडतो हे छापून आलं तर पुढच्या वर्षी वसुली कोण देईल? म्हणून ते प्रश्नचिन्ह मी पुसलेलं नाही आणि त्याचं उत्तरही दिलेलं नाही. चार अक्षरांत बसणारं काही सापडलं तर घेऊन येतो. नाही सापडलं तरी रविवारी दुकान बंद असतं तेव्हा येतो, आणि 'रडे वही'वरून तुमच्याशी भांडतो. खोडरबर आणणार नाही. तो आता माझा आहे.

तुमचा,
सोसायटीवाला