बाबांच्या दुखऱ्या बरगड्यांबद्दल आभार

कंडक्टर ताई,
स. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जूनमधल्या त्या दुपारी कराडच्या बसस्थानकात, पाटण गाडीच्या फलाटावर जे कोसळले ते माझे बाबा. आणि ज्याच्या हातातून तुम्ही पाण्याची बाटली हिसकावून घेतलीत तो मी.

खरं सांगतो, तेव्हा तुमचा रागच आला होता. माझ्या बापाला घोटभर पाणी पाजतोय, ही कोण मधे पडणार? शुद्ध नसलेल्या माणसाला गिळता येत नाही, पाणी सरळ श्वासनळीत उतरू शकतं, हे मला पन्नाशीला टेकेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. एकजण कांदा शोधत होता, एकाने नाकाला लावायला चप्पल काढली होती. तुम्ही "मागे सरका, मागे!" म्हणून ओरडलात आणि रोज गाडीत ऐकतो त्या सुरापुढे सगळे निमूट मागे सरकले.

तुम्ही बाबांचे खांदे हलवून हाका मारल्यात, छातीकडे पाहिलंत. बाबा मधूनच घोरल्यासारखा आवाज करत होते. मी म्हणालो, "श्वास चालू आहे हो!" तुम्ही म्हणालात, "हा श्वास नव्हे, आचके आहेत." मी एकटा असतो तर त्या आवाजावर विसंबून वाट बघत बसलो असतो. या एका वाक्याचं ऋण मी कसं फेडू?

"निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा." बोट दाखवून सांगितलंत म्हणून त्याने लावला. नाहीतर प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी लावलाच असेल. कुणीतरी पुटपुटलं, हात लावू नका, पोलिसांचं झंझट होईल. अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच बजावलंय, २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यातही आलं. इथे तर अपघातही नव्हता!

मग तुम्ही छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून दाबायला लागलात. एक, दोन, तीन... तीसपर्यंत, पुन्हा एकपासून. सेकंदाला जवळजवळ दोनदा. दोनेक मिनिटांनी मला बसवलंत. "कोपर ताठ. पाच सेंटीमीटर आत गेलं पाहिजे, आणि छाती पूर्ण वर येऊ द्या." माझ्या हाताखाली कट्‌कन आवाज झाला. मी हात काढले. तुम्ही खेकसलात, "थांबू नका, बरगडी जुळते!"

१०८ची गाडी आली अकराव्या मिनिटाला. डॉक्टरांनी छातीवर पट्ट्या चिकटवल्या, विजेच्या दुसऱ्या झटक्याला नाडी लागली. मी वळून पाहिलं तर पाटण गाडी निघून गेली होती. उशीर तुमच्या नावावर पडला असेल.

इस्पितळात डॉक्टरांनी समजावलं की हृदय नुसतं थरथरत होतं, रक्त ढकलत नव्हतं. झटका मिळेपर्यंत मेंदूला जे थोडंफार रक्त पोचलं ते तुमच्या हातांमुळे.

मागच्या महिन्यात मी आणि बायकोने एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं. रबरी बाहुल्याची छाती दाबून घामाघूम झालो, तेव्हा कळलं की तुम्ही किती दमला असाल. आमची लेक चार वर्षांची आहे, म्हणून तिच्या वयाचंही शिकलो: एका तळहाताने दाबलं तरी पुरतं, छाती एक तृतीयांश आत जायला हवी, आणि लहानग्यांचा बहुतेकदा आधी श्वास अडतो म्हणून तोंडाने श्वास देणं फार महत्त्वाचं. शुद्ध नाही पण श्वास नीट चालू असेल, तर कुशीवर वळवून ठेवायचं.

बाबांच्या बरगड्या अजून दुखतात. शिंक आली की कळवळतात आणि तुमची आठवण काढतात. वय ६७, त्यामुळे तिकीट अर्धं. तेही त्या दिवशी काढायचं राहिलं. दिवाळीत पाटणला जायचंय. तुमची ड्युटी कोणत्या गाडीला असते, तेवढं कळवा. बाबा म्हणतात, तिकीट तुमच्याच हातून काढायचं.

आपला,
बाटलीवाला