माजी विद्यार्थिनी पाच वर्षांनी कुठे आहेत? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
तथा प्रतिकुलपती, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी

विषय : मानव विकास व कौटुंबिक अभ्यास विभागाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद आणि पदवीची समकक्षता

महोदय,

दीक्षान्त समारंभ किंवा मूल्यांकन समितीची भेट जवळ आली की प्रत्येक विभागाकडून यशाची यादी मागवली जाते. सुवर्णपदक, नेट, जेआरएफ, उत्कृष्ट शोधनिबंध, युवक महोत्सवातलं बक्षीस. हे यश खरं आहे आणि त्यामागे मेहनतही आहे. पण मानव विकास व कौटुंबिक अभ्यासासारख्या विषयाचं खरं काम या यादीत सापडत नाही. ते अंगणवाडीत, बालवाडीत आणि समुपदेशनाच्या खोलीत चालतं, आणि पदवीनंतर तीन-चार वर्षांनी दिसू लागतं. तोवर यादी छापून झालेली असते.

आधी यादीबद्दलच. एकाच मुलीचं पदक, नेट आणि पीएच.डी. प्रवेश अशी तीन यशं तीन रकान्यांत पडतात आणि बेरीज तीन होते. नेट म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची पात्रता, जेआरएफ म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारी अधिछात्रवृत्ती. दोन्ही एकाच रकान्यात भरली की काय मिळालं ते कळत नाही. म्हणून यश मोजण्याआधी माणसं मोजावीत : तुकडीत किती जणी होत्या, त्यांतल्या किती आज कुठे आहेत, आणि कितींचा पत्ता लागत नाही. हा शेवटचा आकडा लपवू नये, वेगळा छापावा.

पत्ता न लागण्याची कारणं ठरलेली आहेत. या विभागात मुलींची संख्या मोठी. लग्नानंतर आडनाव बदलतं, पुष्कळदा मधलं नावही बदलतं. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, नेमणुकीचं पत्र सासरच्या नावाचं. मोबाइल नंबर बदलतो, महाविद्यालयानं दिलेला ईमेल बंद पडतो. त्यामुळे नोंद नावावर ठेवूच नये, विद्यापीठाच्या नोंदणी क्रमांकावर ठेवावी. तो बदलत नाही. शेवटच्या सत्रात ना-हरकत प्रमाणपत्र देतानाच एक पानी अर्ज भरून घ्यावा : नोंदणी क्रमांक, आईचं नाव, खाजगी ईमेल, पालकांपैकी एकाचा नंबर, दोन वर्गमैत्रिणींचे नंबर आणि संपर्क करण्यास लेखी संमती. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम २०२३ मध्येच झाला आहे, तेव्हा संमतीचा रकाना ऐच्छिक समजू नये.

त्यानंतर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी फोन करावा. व्हॉट्सॲप गटावर गुगल फॉर्म टाकून भागत नाही, कारण ज्यांचं बरं चाललंय त्याच भरतात, घरी असलेल्या गप्प राहतात, आणि आकडा फुगतो. चाळीस जणींच्या तुकडीला फोन करणं 'कमवा व शिका' योजनेतल्या एका विद्यार्थिनीला सहज जमेल. प्रश्न आठच्या वर नकोत. 'नोकरी आहे का?' एवढंच विचारलं तर घरात दहा मुलांची बालवाडी चालवणारी मुलगी 'नाही' म्हणते. म्हणून गेल्या बारा महिन्यांत पगारी, स्वतःचं किंवा बिनपगारी असं कोणतं काम केलं, हे विचारावं. बालवाडी असेल तर मुलं किती आणि मदतनीस किती, तेही. 'गृहिणी' हा शिक्का एकदा मारून नोंद मिटवू नये. बाळंतपणानंतर किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीनंतर कामावर येणाऱ्या पुष्कळ असतात. दहापैकी एका उत्तराची कागद मागून पडताळणी केली, तरी नोंदीवर भरवसा बसेल. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीत पदवीनंतरच्या वाटचालीची मांडणी नोकरी, पगाराचा मध्यांक आणि उच्च शिक्षण यांभोवती फिरते. तिथे भरायला हीच माहिती उपयोगी पडेल, पण विभागाचं मोल तेवढ्यावर ठरू नये.

दुसरी बाब पदवीच्या नावाची, आणि ती तुमच्या सहीनं सुटू शकते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीनंतर गृहविज्ञानाची पदवी बी.एस्सी. (ऑनर्स) सामुदायिक विज्ञान झाली. भरतीच्या नियमांत मात्र अजून गृहविज्ञान, बालविकास, पोषण असे शब्द येतात. अंगणवाडी पर्यवेक्षिकेसारख्या पदासाठी कागदपत्र पडताळणीला बसलेला कर्मचारी अभ्यासक्रम वाचत नाही, प्रमाणपत्रावरचा शब्द जाहिरातीतल्या शब्दाशी ताडून पाहतो. तिथे मुलीची वर्षानुवर्षांची तयारी अडकू नये, म्हणून महिला व बालविकास विभागाशी बोलून समकक्षतेचा, म्हणजे दोन्ही पदव्या समान मानण्याचा, शासन निर्णय काढावा आणि गुणपत्रिकेवर 'पूर्वीचे नाव : गृहविज्ञान' ही ओळ छापण्याची सूचना द्यावी. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १२ मध्ये कुटुंबकल्याणाच्या क्षेत्रात व्यावसायिक काम करणाऱ्या तज्ज्ञांची मदत घेण्याची मुभा आहे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची नावं तिथवर पोचवण्याचं कामही विद्यापीठाला करता येईल.

आता प्रबंधांविषयी, कारण या विषयातलं सर्वात टिकाऊ यश तिथेच आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या शारीरिक-मानसिक वाढीचे निकष बसवले. त्यातूनच तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठीची डीएएसआयआय ही मोजपट्टी आली : ६७ बाबी हालचालींच्या, १६३ मानसिक विकासाच्या. तिरुवनंतपुरमच्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरनं बडोद्याच्या निकषांतून १७ बाबी निवडून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तपासणी तक्ता केला, जो आरोग्यसेविका काही मिनिटांत वापरू शकते. विद्यापीठातल्या विभागाचं काम घराघरांत पोचतं ते असं.

मराठवाड्यातल्या प्रबंधांतही मुलांची भाषा, पालकांचं वागणं, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं असे विषय हाताळता येतात. अडचण येते ती साधनांत. इंग्रजी प्रश्नावली मराठीत केली जाते, पण दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून मूळ प्रश्नावलीशी ताडली जात नाही. 'मूल आधार धरून पायऱ्या चढतं का?' ही बाब घ्या. पायऱ्याच नसलेल्या घरातलं मूल इथे नापास होतं, आणि ही चूक मग मुलाच्या विकासातला उशीर म्हणून नोंदली जाते. मार्गदर्शकानं अशी प्रत्येक बाब आधी पंधरा-वीस मुलांवर करून पाहायला लावावी. प्रबंधासोबत साधनाची स्वतंत्र फाइल आणि अंगणवाडी सेविकेला वाचता येईल असा एक पानी मराठी गोषवारा घेतल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. केंद्राने २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'आधारशिला' आराखडे आणले आहेत. सेविकांना आत्ताच अशा गोषवाऱ्यांची गरज आहे.

या कामाला इमारत लागत नाही. एक अर्धवेळ लिपिक, फोनचा खर्च आणि विभागप्रमुखांना वर्षातून पंधरा दिवसांची मोकळीक, एवढी तरतूद पुरेशी आहे. येत्या दीक्षान्त समारंभाआधी समकक्षतेचा प्रस्ताव मंत्रालयात जावा आणि अर्जाचा नमुना शेवटच्या सत्राच्या मुलींच्या हातात पडावा, अशी आमची मागणी आहे.

आपले,
मानव विकास व कौटुंबिक अभ्यास विषयाचे काही शिक्षक व माजी विद्यार्थी