शॉकॲब्सॉर्बर टिकतो, पण कोणत्या रस्त्यावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थार, जिम्नी, गुरखा अशा फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्या गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढल्या, आणि गाडी घरी आल्यावर काही महिन्यांतच तिचे मूळ शॉकॲब्सॉर्बर काढून बाहेरचे, बहुधा परदेशी बनावटीचे आणि कित्येक पट महाग असे शॉकॲब्सॉर्बर बसवण्याची रीतही तितकीच रुळली आहे. हा माल मुख्यतः टिकाऊपणाच्या नावावर विकला जातो. भोर परिसरात अशा गाड्यांच्या सस्पेन्शनची कामे करणारा कारागीर म्हणून माझे म्हणणे असे आहे की, कोणत्या जमिनीवर टिकतो हे सांगितल्याशिवाय या दाव्याला अर्थ नाही, आणि विक्रेते नेमके तेवढेच सांगत नाहीत.

शॉकॲब्सॉर्बर गाडीचे वजन पेलत नाही. ते काम स्प्रिंगचे किंवा पाट्यांचे असते. स्प्रिंगची उसळी आवरण्यासाठी तो आतले तेल पिस्टनमधल्या बारीक झडपांतून ढकलतो आणि उसळीच्या ऊर्जेची उष्णता करतो. तेल फार तापले की पातळ होते, त्यात हवा किंवा वायू मिसळला की फेस होतो, आणि मग झडपा शाबूत असूनही गाडी होडीसारखी डुलू लागते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात, उदाहरणार्थ सुमारे ६६० किलोमीटरच्या गिब रिव्हर रोडवर, मातीच्या रस्त्याला आडव्या लाटा पडलेल्या असतात आणि त्यांवर गाडी तासन्‌तास थरथरत राहते. तिथे शॉकॲब्सॉर्बर मरतो तो उष्णतेने. लडाखच्या कच्च्या रस्त्यांवरून आलेल्या आपल्याकडच्या गाड्यांतही हाच प्रकार दिसतो.

या दुखण्यावरचा उपाय जुना आहे. एका नळीच्या, म्हणजे मोनोट्यूब शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये एक सरकता पिस्टन असतो, वायू वातावरणाच्या वीस-पंचवीस पट दाबाने भरलेला असतो आणि तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असल्यामुळे लवकर निवते. जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने १९५७ साली मर्सिडीजच्या मोटारींसाठी अशा शॉकॲब्सॉर्बरचे नियमित उत्पादन सुरू केले. फेस होण्याच्या बाबतीत त्याची सरशी निर्विवाद आहे.

पण सह्याद्रीत शॉकॲब्सॉर्बर उष्णतेने क्वचितच मरतो. वरंध घाटाच्या खालच्या वाड्यांकडे जाणारी वाट घ्या, किंवा वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आंबोलीभोवतीचे जांभ्याचे रस्ते घ्या. तिथे गाडीचा वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या वर जात नाही, त्यामुळे तेल तापायला अवसरच मिळत नाही. तिथे घात करतात ते चिखल, दगड आणि गंज. पिस्टनला जोडलेल्या, आत-बाहेर सरकणाऱ्या रॉडवर वाळलेला चिखल प्रत्येक हेलकाव्याबरोबर तेल आत राखणाऱ्या ऑइल सीलच्या ओठावर घासला जातो. चार महिने ओल्या राहणाऱ्या रॉडच्या क्रोमला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि मग नवे सीलही तिथे फार काळ तग धरत नाही. (गाडी धुताना प्रेशर पंपाची धार थेट सीलवर मारणारे सर्व्हिसिंग सेंटरवाले या कामाला हातभारच लावतात.) दगडाच्या बाबतीत तर गणित उलटते. दोन नळ्यांच्या साध्या शॉकॲब्सॉर्बरच्या बाहेरच्या नळीला पोचा पडला, तरी पिस्टन आतल्या नळीत असल्यामुळे तो बहुधा चालत राहतो. मोनोट्यूबमध्ये पिस्टन त्याच भिंतीवर घासत असल्याने तसाच पोचा त्याला जागीच जाम करू शकतो. म्हणजे एका खंडात ज्या रचनेमुळे वस्तू टिकते, तीच रचना आपल्या ओढ्यात तिची दुबळी बाजू ठरते.

‘रेसिंग’ हा शिक्का आणखी फसवा आहे. डकारसारख्या लांब पल्ल्याच्या खडतर मोटार-शर्यतीत दिवसाचा टप्पा संपला की मेकॅनिकांचे पथक रात्री गाडी उघडते. स्पर्धेचे शॉकॲब्सॉर्बर खोलून तेल, सील, झडपा बदलण्यासाठीच बनवलेले असतात आणि ठरावीक काळाने ते तसे खोलावे लागतात. ते अधिक सोसतात हे खरे, पण ते विनादेखभाल वर्षानुवर्षे चालावेत अशी त्यांच्या निर्मात्यांचीसुद्धा अपेक्षा नसते. आठवड्याला एकदा डोंगरात आणि उरलेले दिवस कचेरीत जाणाऱ्या गृहस्थाला हे काउंटरवर कोणी सांगत नाही.

सगळा दोष मालाचा नसतो, हेही नोंदवले पाहिजे. गाडी दोन इंच उचलायची आणि शॉकॲब्सॉर्बर मात्र मूळ लांबीचाच ठेवायचा, हा प्रकार सर्रास चालतो. मग चाक हवेत लोंबले की ॲक्सलचे सारे वजन शॉकॲब्सॉर्बरच्या आतल्या थांब्यावर येते, आणि तो थांबा ॲक्सल लोंबता धरणारा पट्टा म्हणून वापरण्यासाठी बनवलेला नसतो. शेवटी सील बसवलेले टोपण किंवा गाडीला जोडणारा टोकाचा डोळा तुटतो. उलट, लांबी गरजेपेक्षा जास्त असेल, तर चाकाची वरची उसळी रोखणारा रबरी ठोकळा, म्हणजे बंप स्टॉपर, टेकण्याआधीच पिस्टन तळाला आपटतो. गाडी जॅकवर असतानाच सांध्यातल्या रबरी बुशचे बोल्ट पूर्ण आवळले, की रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पुढे गाडी ओढून काढणारे विंच आणि लोखंडी बंपर, वर कॅरिअर, मागे दोन जेरी कॅन असा संसार चढवल्यावर रिकाम्या गाडीसाठी जुळवलेल्या झडपांकडून नीट कामाची अपेक्षा धरणे हाही अन्यायच आहे. या चुका आम्हा गॅरेजवाल्यांच्या आणि गाडीमालकांच्या आहेत.

मात्र बसवणी निर्दोष असतानाही ग्राहकाला वाली नसतो. माझ्याकडच्या एका थारचे मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर पहिल्याच पावसाळ्यात गळू लागले. रॉडवर तेलाचा पुसट थर दिसणे ही गळती नव्हे; इथे तेल ठिबकत होते. आयातदाराने चिखलाचे कारण देऊन वॉरंटी नाकारली. वेष्टनावर चिखल उडवणाऱ्या गाडीचेच चित्र होते. सीलचा संच विकत मागितला, तर तो ‘मिळत नाही, नवी जोडी घ्या’ असे उत्तर आले. ऑफरोड वापर, स्पर्धा, बाहेरून झालेली इजा हे सारे वगळणारे कलम अनेक वॉरंटी कार्डांवर बारीक अक्षरांत असते; ज्या वापरासाठी वस्तू विकली तोच वापर वगळला, तर त्या वॉरंटीत उरते काय?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि तिच्यावर कारवाई करणारे केंद्रीय प्राधिकरणही आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षअखेर त्यासाठी पोर्टल सुरू केले आणि त्याच्या चार क्षेत्रांत मोटारींचाही समावेश केला. सुट्या भागांच्या बाजारातला शॉकॲब्सॉर्बर या कक्षेत स्पष्टपणे आणावा. जो शॉकॲब्सॉर्बर ‘रिबिल्डेबल’, म्हणजे खोलून पुन्हा जोडता येणारा, म्हणून विकला जातो, त्याचे सील आणि तेलाचा दर्जा व वायूचा दाब यांची माहिती आयातदाराने किमान वॉरंटीच्या मुदतीत तरी उपलब्ध ठेवलीच पाहिजे. जो खोलता येत नाही, त्याच्या वेष्टनावर तसे स्वच्छ मराठीत आणि हिंदीत छापावे.

गंजरोधाचीही माहिती छापणे कठीण नाही. क्रोम केलेल्या रॉडची मिठाच्या फवाऱ्यात चाचणी घेऊन तो किती तास गंजाविना राहतो हे मोजण्याची पद्धत वाहन उद्योगात रोजची आहे. १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, आणि १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा शॉकॲब्सॉर्बरचा कारखाना चाकणला आहे. तेव्हा या कामाचे ज्ञान आपल्या दारात नाही, असे म्हणता येणार नाही. तासांचा तो एक आकडा वेष्टनावर आला, तर कोकणात गाडी चालवणाऱ्याला दोन मालांची तुलना दुकानातच करता येईल. तोवर वाचकांपैकी कोणी पावसाळ्याआधी असा खर्च करणार असेल, तर सीलचा संच मिळतो का आणि चिखलाने झालेली गळती वॉरंटीत धरली जाते का, याचे उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

आपला,
एक वाहनदुरुस्ती व्यावसायिक,
भोर, जि. पुणे