फॉरमॅटनंतरचा मुका डबा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "रविवारी कॉम्प्युटर फॉरमॅट मारतोय," आणि मी "अरे थांब" म्हणेपर्यंत विषय भलतीकडेच गेला. त्या "थांब"च्या पुढचं आज लिहितो. लांबेल, पण वाच. माझे अख्खे दोन दिवस त्यात गेलेत, ते निदान तुझ्या तरी कामी येऊ देत.

आपल्या दोघांच्या आवाजातली ती कॅसेट आठवते का? ज्यात तू सुरुवातीलाच खोकतोस आणि मग आपण दोघं पाच मिनिटं नुसते हसतो? ती संगणकात उतरवून घ्यायचं डोक्यात आलं. लॅपटॉपला लाइन-इनचं, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायचं, भोकच नाही, म्हणून जुना डेस्कटॉप बाहेर काढला. त्यावर रेकॉर्डिंगचा एक जुना प्रोग्रॅम आहे, तो जुन्या विंडोज एक्सपीवरच चालतो. पण डबा सुरू व्हायलाच इतका वेळ खायला लागला की मी वैतागून सी ड्राइव्ह पुसला आणि एक्सपी नव्याने टाकलं. तासाभरात सगळं चकाचक! म्हटलं, जमलं. कॅसेट प्लेअर जोडला, बटण दाबलं, आणि शांतता.

आता माझा शहाणपणा ऐक. पहिले दोन तास मी वायरींच्या मागे लागलो. स्पीकरची पिन काढ, फुंकर मार, परत घाल. हिरव्या भोकातून गुलाबीत, गुलाबीतून निळ्यात. हेडफोन मोबाइलला लावून बघितला, तिथे ठणठणीत वाजला. माझी सर्वांत मोठी फसगत केली ती त्या 'बीप'ने. डबा चालू करताना एक बारीक बीप येतो ना, तो येत होता. मी म्हटलं, आवाज तर आहे, म्हणजे कुठेतरी व्हॉल्यूम बंद असणार. तसं काही नसतं रे. तो बीप मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच्या, चिमुकल्या स्पीकरचा. त्याचा साउंड चिपशी काडीचा संबंध नाही. विंडोज यायच्या आधीच तो वाजून मोकळा होतो.

मग कुठे कंट्रोल पॅनेल उघडायचं सुचलं. साउंडच्या खिडकीत लिहिलेलं, 'नो ऑडिओ डिव्हाइस'. व्हॉल्यूमची पट्टी करडी, हलतच नाही. घड्याळाशेजारचं स्पीकरचं चित्रही गायब होतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या भागांच्या यादीत, न ओळखलेल्या भागांची पिवळी प्रश्नचिन्हं रांगेत उभी: एक नेटवर्कचं, एक नुसतंच 'पीसीआय डिव्हाइस' म्हणणारं, आणखी एकदोन. म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. चिप होती तिथेच होती, फक्त तिच्याशी बोलायचं कसं ते सांगणारा ड्रायव्हर मी स्वतःच्या हाताने पुसला होता.

मदरबोर्डबरोबर आलेली सीडी सापडली, पण तिच्यावर इतके ओरखडे की ड्राइव्ह नुसता घरघरत राहिला. नेटवरून घ्यावं तर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही गेलेला. शेवटी लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हने ने-आण सुरू केली. त्या दोन दिवसांत किती फेऱ्या झाल्या ते विचारू नकोस.

कुठला ड्रायव्हर हवा ते कळेना, म्हणून डब्याचं झाकण उघडलं. टॉर्च मारला तर मागच्या रंगीत भोकांजवळ नखाएवढी एक चौकोनी काळी चिप दिसली. तिच्यावर चक्क खेकडा! रिअलटेकचं बोधचिन्ह खेकडा आहे हे मला तेव्हा कळलं. खाली बारीक अक्षरात एएलसी८८३. मला वाटलं, झालं काम. कुठल्याशा साइटवरून त्या नंबरचा ड्रायव्हर उतरवला, चालवला, आणि शेवटच्या टप्प्यावर 'फेल्युअर'ची खिडकी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या साइटने वर दोन आगंतुक प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये घुसवले ते वेगळंच.

खरी मेख इथे होती, ती नीट समजून घे. आवाजाचे भाग दोन. मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य चिपांमध्ये, बसलेला कंट्रोलर, आणि ती खेकड्याची चिप, म्हणजे आकड्यांचा आवाज आणि आवाजाचे आकडे करणारा कोडेक. दोघांमध्ये माहिती ने-आण करणारा रस्ता असतो, त्याला बस म्हणतात. विंडोजला आधी कंट्रोलर ओळखता आला पाहिजे. रस्ताच नसेल तर टोकाचं घर कसं दिसणार? एक्सपी २००१ सालचं आणि माझ्या डब्यातला हाय डेफिनिशन ऑडिओ हा प्रकार इंटेलने आणला २००४ मध्ये. माझी एक्सपीची सर्व्हिस पॅक २ वाली (दुसऱ्या मोठ्या सुधारणेची) सीडी त्याबाबत ठार अडाणी. त्याआधीच्या एसी९७ या ऑडिओ प्रकाराची पद्धत वेगळी होती. म्हणून मायक्रोसॉफ्टने मधल्या रस्त्यासाठी एक पॅच, म्हणजे छोटी दुरुस्तीची फाईल, काढला होता, केबी८८८१११. मी उतरवलेल्या फायलीत तो नव्हताच.

हे कळलं ते हार्डवेअर आयडीमुळे, म्हणजे प्रत्येक भागाच्या ओळख-क्रमांकामुळे. त्या 'पीसीआय डिव्हाइस'च्या प्रश्नचिन्हावर डबल क्लिक केलं, 'डिटेल्स'मध्ये गेलो. तिथे एक लांबलचक ओळ होती आणि तिच्यात व्हेन ८०८६, डेव्ह २७डी८. व्हेन म्हणजे बनवणारा, डेव्ह म्हणजे वस्तू. ८०८६ हा इंटेलचा नंबर, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचाच आकडा त्यांनी ओळख म्हणून लावलाय. ही मिजास मला आवडली. म्हणजे ते निनावी 'पीसीआय डिव्हाइस' इंटेलचा ऑडिओ कंट्रोलर होता, आणि मी खेकड्याच्या मागे धावत होतो!

मग शहाण्यासारखं मदरबोर्डचं मॉडेल त्याच्यावर छापलेलं वाचलं आणि तो बनवणाऱ्यांच्याच साइटवरून पूर्ण पॅकेज घेतलं. आधी चिपसेटचा ड्रायव्हर, रीस्टार्ट. मग पॅच, पुन्हा रीस्टार्ट. आता निनावी प्रश्नचिन्ह गेलं आणि त्याच्या जागी नवीन आलं: 'ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस'. नवीन प्रश्नचिन्ह बघून इतका आनंद झालेला माणूस तू पाहिला नसशील. त्याच्या आयडीत व्हेन १०ईसी, म्हणजे रिअलटेक, आणि डेव्ह ०८८३. झाकण उघडून वाचलेला आकडा तिथे लिहूनच ठेवला होता! मग रिअलटेकचा ड्रायव्हर निमूट बसला, आणि तिसऱ्या रीस्टार्टला एक्सपीचं ते सुरुवातीचं संगीत एकदम मोठ्याने घुमलं. व्हॉल्यूमचं बटण मी आदल्या दिवशीच पूर्ण वर नेऊन ठेवलं होतं ना. घरचे धावत आले.

पुढे किरकोळ कटकटी. पुढच्या बाजूला हेडफोन लावला तर मुका. रिअलटेकच्या खिडकीत फ्रंट पॅनेल ओळखणं बंद करायची एक खूण असते, ती केली आणि वाजला. रेकॉर्डिंग सुरू केलं तर सपाट रेघ, कारण रेकॉर्डिंगसाठी मायक्रोफोन निवडलेला होता, लाइन-इन नाही. आवाज ऐकायची आणि भरायची व्हॉल्यूमची खिडकी वेगवेगळी असते हे मी दर वेळी विसरतो.

आता तुझं. तुझ्याकडे विंडोज १० आहे, म्हणून माझ्याइतका त्रास होणार नाही. बहुतेक वेळा ते स्वतःच साधा ड्रायव्हर लावतं. पण भरवसा ठेवू नकोस. पीएनपीयुटिल नावाची कमांड आहे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून तिच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हर पर्यायाने बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढता येतात. ते पेन ड्राइव्हवर घे. सी वर ठेवून सी च फॉरमॅट करू नकोस, तुझा नेम नाही. नेटवर्कचा त्यात आहे ना ते आधी बघ. आणि फॉरमॅटनंतर आवाज नाहीच आला, तर वायरी उपटायच्या आधी प्लेबॅकच्या यादीत डीफॉल्ट काय आहे, म्हणजे आवाज कुठे पाठवला जातोय, ते पाहा. तुझा मॉनिटर एचडीएमआयवर आहे, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या केबलवर. पुष्कळदा आवाज बिचारा मॉनिटरकडे जात असतो आणि त्याला स्पीकरच नसतात.

शनिवारी रात्रीपर्यंत डिव्हाइस मॅनेजरमधले साउंड आणि नेटवर्कचे आयडी मला पाठव, रविवारी मी लॅपटॉप उघडून बसतो. कॅसेट उतरवून झाली आहे. तुझा खोकला अठ्ठेचाळीसाव्या सेकंदाला आहे, फाईल सोबत जोडतोय.

तुझाच,
खेकडावाला