शीआनहून पत्र : रात्री नऊला बाहेर कोण असतं?

शीआन

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, "रात्री नऊला तू बाहेर कशी?" असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. दादा-वहिनी दिवाळीनंतर इकडे यायचं म्हणतायत, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

अख्ख्या चीनला घड्याळ एकच, बीजिंगचं. शीआन बरंच पश्चिमेला, त्यामुळे जूनमध्ये इथे आठच्या सुमाराला सूर्य मावळतो. जेवणं उरकून लोक खरे बाहेर पडतात ते त्यानंतर. आणि त्यांत सर्वांत जास्त कोण, तर आज्या! जुन्या शहराच्या तटबंदीलगतच्या बागेत स्पीकर लावून बायका रांगांनी नाचतात. साठीच्या, सत्तरीच्या, पायांत कापडी बूट, कुणाची लाजबीज नाही. पलीकडे म्हातारे लोक दोन तारांचं वाद्य घेऊन 'छिनछियांग' गातात. हे इथलं जुनं संगीतनाट्य, आवाज असा खडा की लांबून वाटतं भांडण जुंपलंय. तिकीट नाही, मांडव नाही. एवढी वडीलधारी माणसं रस्त्यावर असताना मला भीती कसली वाटणार? परदेशी पाहुण्यांना सगळे 'नाइटलाइफ' म्हणून दक्षिण दरवाजाजवळच्या दफूश्यांग गल्लीतले बार दाखवतात. तिथलं गाणंबजावणं बरं असतं, पण तसे बार कुठल्याही मोठ्या शहरात सापडतील. या आज्या नाही सापडणार.

आणि बाबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर, तुम्हाला हे आवडेल. तांग राजांच्या काळात हेच शहर, तेव्हाचं छांगआन, रात्री कडेकोट बंद असायचं. शंभरावर पेठा, प्रत्येक पेठेला भिंत आणि दरवाजे. संध्याकाळी नगारा वाजला की दरवाजे बंद. त्यानंतर रस्त्यात सापडेल त्याला कायद्याने वीस फटके! वर्षातून फक्त दिव्यांच्या सणाला तीन रात्री मोकळीक. आज त्याच तांगांच्या नावाने इथे एक लांबलचक रस्ता रात्री झगमगत असतो. रोषणाई मला जरा जास्तच वाटते, पण माणसं बघायला मी पुनःपुन्हा जाते. मुली भाड्याने तांग काळातले पायघोळ झगे घेतात, अंबाडे घालून घेतात, कपाळावर लाल फुलाची नक्षी काढून घेतात. काल अशीच एक राजकन्या फुटपाथच्या कडेला बसून, बाह्या कोपरापर्यंत सारून, काडीवरचं मटण खात होती. एका हातात संत्र्याच्या सोड्याची बाटली. तिची आई मागे झग्याचा घोळ उचलून धरून उभी.

या रस्त्याच्या उत्तर टोकाला ह्युएनत्संगाचा पुतळा आहे आणि त्याच्या मागे रानहंसांचा मोठा पॅगोडा. त्याने भारतातून आणलेल्या पोथ्या ठेवायला 652 साली बांधलेला. आपल्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेलेला हाच तो. महाराष्ट्रातली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, असं त्याने लिहून ठेवलंय. तुम्ही वर्गात हे सांगायचात तेव्हा मी मागच्या बाकावर असायचे. पुतळ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा हात आपोआप जोडले गेले.

आई, आता जेवणाचं. ढोलबुरुजामागे मुसलमान मोहल्ला आहे, तिथे 'यांगरौ फाओमो' मिळतं. आधी रिकामा वाडगा आणि जाड, घट्ट रोटी हातात देतात. ती आपणच कुस्करायची, अगदी दाण्याएवढी बारीक. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्शात शिजून परत येतो, सोबत गोड मुरवलेला लसूण. आपण रश्शात भाकरी कुस्करतो तसंच, पण इथे घाई चालत नाही. माझे तुकडे मोठे झाले म्हणून शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी वाडगा ओढून घेतला आणि निम्मी रोटी स्वतःच कुस्करून दिली. एक शब्दही न बोलता! वहिनी शाकाहारी, तिच्यासाठी 'ल्यांगफी' आहे: थंड, मऊ पट्ट्या, वर काकडी, व्हिनेगर आणि मिरचीचं तेल. मांस नको हे मात्र प्रत्येक ठिकाणी आधी सांगावं लागतं, मी चिठ्ठी लिहून देईन.

तटबंदीवर सायकल भाड्याने मिळते, दोघांची जोडसायकलही. पूर्ण फेरी 13.7 किलोमीटरची, मिंग काळातल्या विटांवरून, त्यामुळे हाडं खिळखिळी होतात. तरी दिवे लागायच्या वेळी जायचंच. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक सकाळी लवकर उरकू, तिथली गर्दी मला सोसत नाही.

दादाला सांगा, रोख पैशांवर राहू नकोस. भाजीवालासुद्धा फोनवरच पैसे घेतो. अलिपे आणि वीचॅट ही पैसे द्यायची अॅप्स तिकडेच फोनमध्ये टाकून कार्ड जोडून घे. व्हॉट्सअॅप आणि गुगल इथल्या इंटरनेटवर उघडत नाहीत, तेव्हा घरच्यांनी काळजी करायची नाही. रेल्वेचं तिकीट, हॉटेल, सगळीकडे पासपोर्ट मागतात, तो जवळच ठेव. ऑक्टोबरचा पहिला आठवडा इथे राष्ट्रीय सुट्टीचा, तेव्हा यायचं मनातही आणू नका.

येताना गोडा मसाला आणि थोडं मेतकूट पाठवा. बाबांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा.

तुमची,
धाकटी